कथा प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर टाकू की दोघा-तिघा लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना गूगल डॉक पाठवू?
मैत्रिणीची पहिली कथा लिहून झालीये, कुठे दाखवू विचारत होती. मी दोन्ही केलंय म्हणून सांगते. प्रतिलिपीवर वाचक पटकन मिळतात, तारे मिळतात, 'छान, पुढचा भाग कधी?' येतं, हुरूप येतो, पण कथा कुठे रेंगाळली ते कळत नाही. गूगल डॉकमध्ये सजेशन मोड (वाचणाऱ्याला मूळ मजकूर न बदलता ओळीवरच बदल सुचवता येतात) लावून दिली की आठवडा जातो, मागे लागावं लागतं, त्यांच्याही कथा तितक्याच मनापासून वाचाव्या लागतात, पण 'इथे आजी अचानक शहरी बोलायला लागली' असं नेमक्या ओळीवर कुणी लिहितं ना, ते सोनं आहे. मन दुखतं, खरंय. दोन दिवस उत्तर देऊ नका.

लिहायचा धीरच होत नसेल तर प्रतिलिपी. मसुदा सुधारायचाय, दिवाळी अंकाला पाठवायचीये तर डॉकच, अंकांना बहुधा अप्रकाशित कथाच लागते.