एरंडवण्यातील भाड्याचे कार्यालय परत करताना घेतलेली सेवा : अनुभव आणि मूल्यमापन

आमचे कर सल्लागाराचे कार्यालय एरंडवण्यात दुसऱ्या मजल्यावर, 1,100 चौरस फुटांच्या भाड्याच्या जागेत पाच वर्षे होते. नोंदणीकृत भाडेपट्ट्याची मुदत 31 मे रोजी संपत होती, जागामालकांना ती जागा मुलीच्या दवाखान्यासाठी हवी होती आणि आमची तीन लाख रुपयांची अनामत रक्कम त्यांच्याकडे होती. जागा पूर्ववत करून देण्याचे संपूर्ण काम आम्ही कर्वेनगर भागातील एका लहान ठेकेदार संस्थेकडे सोपवले. पुण्यात रंगारी, सुतार आणि सामान हलवणारे गल्लोगल्ली मिळतात. परंतु ताबा परत देण्याची कामे एका हाताने उचलणारे क्वचितच भेटतात, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

संस्थेचे पर्यवेक्षक पहिल्या भेटीत टेप काढण्याआधी म्हणाले, “मॅडम, आधी करार दाखवा, आणि ताबा घेतला त्या दिवशीचे फोटो असतील तर तेही द्या.” यापूर्वी आलेल्या दोन ठेकेदारांपैकी एकाने फोनवरच चौरस फुटाचा दर सांगितला होता आणि दुसऱ्याने एकदा नजर फिरवून संपूर्ण रंगकामासह एक लाख दहा हजारांचा अंदाज दिला होता. करार मात्र दोघांनीही मागितला नव्हता. या गृहस्थांनी करारासोबतचे परिशिष्ट ओळीओळीने वाचले : पंखे सात, ट्यूबलाइट बारा, प्रसाधनगृहातील आरसा एक, खिडक्यांच्या जाळ्या चार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 108 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, भाडेकरूने जागा मिळाली तशीच परत द्यायची असते. मात्र वाजवी वापराने झालेली झीज त्यातून वगळलेली असते. हे मला व्यवसायामुळे माहीत होते, तरी प्रत्यक्ष भिंतीसमोर उभे राहून झीज कोणती आणि नुकसान कोणते हे ठरवायला अनुभवी डोळा लागतो. सुदैवाने माझ्या जुन्या फोनमध्ये पहिल्या दिवसाची 34 छायाचित्रे सापडली. त्यांवरून पूर्वेकडच्या भिंतीतील तडा आणि प्रसाधनगृहातील टवका उडालेली टाइल ही दोन्ही आमच्या आधीची असल्याचे दिसले आणि ती कामे त्यांनी स्वतःच अंदाजपत्रकातून काढून टाकली. स्वतःचे उत्पन्न कमी करणारा असा सल्ला ठेकेदाराकडून मिळणे ही या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला वाटते.

काम 8 मे रोजी सुरू झाले आणि नऊ दिवस चालले. प्लायवूडची पार्टिशने, जिप्समचे फॉल्स सीलिंग आणि स्वागतकक्षाचे टेबल पहिल्या तीन दिवसांत उतरले. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तोडणे कोणालाही जमते. खरी परीक्षा त्यानंतर फरशीवर होती. पार्टिशनच्या खालच्या चौकटी आम्ही स्क्रूने बसवल्या होत्या आणि त्या काढल्यावर व्हिट्रिफाइड टाइलमध्ये 46 भोके उघडी पडली. प्रत्येक भोकातली प्लास्टिकची गिट्टी पकडीने ओढून काढली गेली, आतली धूळ ब्रशने झाडली गेली आणि टाइलच्या रंगाशी जुळवलेले इपॉक्सी पातळ पात्याने भरले गेले. रंग जुळवण्यासाठी कारागिराने टाइलच्या एका उरलेल्या तुकड्यावर पाच वेगवेगळी मिश्रणे लावून ती रात्रभर वाळू दिली आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात पाहून चौथे निवडले. उभ्याने पाहिल्यास भोके आता दिसत नाहीत. गुडघ्यावर बसून बोट फिरवले तरच जाणवतात.

रंगाऱ्याचे काम तितकेच निगुतीचे होते. लांबी (भिंत सपाट करणारी पुट्टी) भरून घासल्यावर तो दिवा भिंतीला अगदी चिकटवून आडवा धरत असे आणि त्या तिरप्या उजेडात जिथे सावली पडेल तिथे पेन्सिलीने खूण करून पुन्हा घासत असे. मी घाई केली तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, “ताई, लांबी ओली असताना रंग मारला तर पुढे पापुद्रे धरतात.” त्याने एक दिवस जास्त घेतला आणि तो योग्यच होता.

विजेच्या कामात वायरमनने आमच्या संगणकांसाठी टाकलेल्या सर्व केबल मुळापासून काढल्या, पार्टिशनमधून नेलेले दोन पॉइंट मुख्य बोर्डापासूनच तोडून बंद केले आणि फ्यूज बोर्डावर कोणते बटण कशाचे, हे मराठीत लिहून चिकटवले. यूपीएसच्या निकामी बॅटऱ्या त्यांनी भंगारात विकू दिल्या नाहीत. त्या अधिकृत पुनर्चक्रणासाठी देऊन पावती आणली. राडारोडा पोत्यांत भरून, लाकूड आणि धातू वेगळे करून, छोटा हत्ती टेंपोच्या तीन फेऱ्यांत हलवला गेला. बांधकामाच्या कचऱ्यासाठी 2016 पासून स्वतंत्र नियम असूनही शहरात नदीकाठी आणि टेकड्यांच्या पायथ्याशी रात्री राडारोडा टाकला जातो, याचे मला फार वाईट वाटते. त्यामुळे तो कुठे उतरवला याची पावती मी आग्रहाने मागितली आणि ती मिळाली.

तक्रार एकच आहे, परंतु ती लहान नाही. वातानुकूलन यंत्र काढल्यावर बाहेरच्या भिंतीत तांब्याच्या नळीचे जे आरपार भोक राहिले, ते सिमेंटने न भरता बाहेरूनही पीओपीनेच (प्लास्टर ऑफ पॅरिसने) बुजवले गेले. 18 मे रोजी संध्याकाळी वळीव कोसळला आणि दुसऱ्या दिवशी नव्या रंगावर हातभर लांबीचा पिवळसर ओघळ दिसला. मी सकाळीच फोन केला. त्यानंतर चार दिवस मला केवळ “उद्या माणूस पाठवतो” एवढेच ऐकावे लागले. मुदत जवळ आलेली असताना ते चार दिवस मी अत्यंत अस्वस्थतेत काढले. अखेर 23 तारखेला गवंडी आला, पीओपी खरवडून जलरोधक मिसळलेल्या सिमेंटने भोक दोन्ही बाजूंनी भरले, भिंत सुकू दिली आणि 27 तारखेला तेवढा भाग पुन्हा रंगवला. यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत आणि चूक मान्य केली, हे नोंदवले पाहिजे. तरीही पुण्यात मे महिन्यात काम करणाऱ्याने पावसाचा विचार आधीच करायला हवा होता. खिडक्यांच्या अॅल्युमिनियम पट्ट्यांत राहिलेले रंगाचे थेंब आमच्या मावशींनी ब्लेडने खरवडून काढले. अंतिम सफाई हा या संस्थेचा कच्चा दुवा आहे.

एकूण बिल 68,500 रुपये झाले. मूळ अंदाज 64,000 चा होता. वाढीव रक्कम टेंपोच्या तिसऱ्या फेरीची आणि दोन बिगाऱ्यांच्या एका दिवसाच्या मजुरीची होती, आणि ती देण्यापूर्वी मला विचारण्यात आले होते.

31 मे रोजी सकाळी पर्यवेक्षक स्वतः आले. जागामालक काकांनी परिशिष्ट हातात घेऊन प्रत्येक पंखा चालवून पाहिला, नळ उघडले, आणि पार्टिशनच्या जागी चष्मा लावून खाली वाकले. “इथे भिंत होती ना तुमची?” एवढेच त्यांनी विचारले. महावितरणच्या मीटरवरील आकड्याचे छायाचित्र दोघांच्या फोनमध्ये घेतले, किल्ल्यांचे चार जोड मोजून दिले आणि ताबा पावतीच्या दोन प्रतींवर सह्या झाल्या. शेवटचे वीजबिल वजा करून अनामत रकमेचा धनादेश आठव्या दिवशी मिळाला. जीएसटी नोंदणीतील पत्ता बदलण्याचे काम या सेवेत येत नाही. त्यासाठी बदलापासून 15 दिवसांची मुदत असते आणि ते आम्ही स्वतः केले.

या संस्थेला काम द्यायचे असल्यास बाहेरच्या भिंतीतील प्रत्येक भोक सिमेंटनेच भरले जाईल, हे अंदाजपत्रकात लिहून घ्यावे, आणि मुदत मे अखेरीस संपत असेल तर एप्रिलच्या मध्यापर्यंत काम सुरू करावे.