सुई न टोचता साखर मोजणारी क्लिप: इन्सुलिन घेणाऱ्यांनी घेऊ नये

मी तबला शिकवतो आणि इन्सुलिन घेतो. टोचलेल्या बोटाने तबल्याच्या किनारीवर ‘ना’ हा बोल वाजवला की कळ येते, त्यामुळे सुईशिवाय साखर सांगणारं यंत्र मला मनापासून हवं आहे. भाच्याने ऑनलाइन मागवलेली ही क्लिप ऑक्सिमीटरसारखी आहे. बोट आत घातलं की इन्फ्रारेड प्रकाश जातो आणि काही सेकंदांत आकडा येतो. बांधणी चांगली, चार्जिंग टिकतं.

आकड्याचं मात्र काही खरं नाही. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर दीड तासाने ग्लुकोमीटरवर २१४, क्लिपवर ११८. ग्लुकोमीटरही थोडा इकडेतिकडे होतो, पण शंभरच्या वर त्याला साधारण १५ टक्क्यांचीच मुभा असते. खरी भीती वाटली ती एका पहाटे. घाम फुटून जाग आली, हात थरथरत होते. क्लिप म्हणे ११२. स्ट्रिप लावली तर ६१! बायकोने लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. क्लिपच्या भरवशावर परत झोपलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

भाच्याने विचारलं, ऑक्सिमीटर चालतो, मग ही का नाही? ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनवरून ऑक्सिजन ओळखतो, आणि १०० मिली रक्तात हिमोग्लोबिन १३-१५ ग्रॅम असतं. साखर १०० (म्हणजे तेवढ्याच रक्तात १०० मिलीग्रॅम) असेल तर ग्लुकोज जेमतेम ०.१ ग्रॅम. शिवाय तोच प्रकाश पाणी, चरबी, प्रथिनंही शोषतात. गार पाण्यात हात बुडवून क्लिप लावली तर १३५, लगेच चोळून गरम केला तर १०७. तेवढ्या वेळात रक्तातली साखर एवढी उतरत नाही. तत्त्व खोटं नाही, त्यावर संशोधन चालू आहे. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था), त्वचा न टोचता साखर मोजतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा दिला. असं एकही उपकरण तोवर त्यांनी मंजूर केलं नव्हतं.

विक्रेता उघडलेला माल परत घेत नाही. निदान ‘यावरून इन्सुलिनचा डोस ठरवू नका’ एवढं तरी खोक्यावर ठळक छापावं. माझ्याकडून एकच तारा.

वादकांसाठी: हात धुऊन, कोरडे करून करंगळीच्या कडेला टोचा. तिथे कमी दुखतं आणि बोल वाजवताना आड येत नाही.