तळघराचं वॉटरप्रूफिंग, आठ महिन्यांनंतर. कोटिंग पास, फ्लोट नापास

परवा रात्री तळघरातल्या खड्ड्यात साठणारं पाणी बाहेर फेकणारा पंप लागलाच नाही आणि सकाळी तळघरात घोटाभर पाणी, म्हणून लिहायला बसलेय.

आधी कोटिंगचं. क्रिस्टलाइन स्लरी, म्हणजे पाण्यात कालवून भिंतीला फासायचा सिमेंटी लेप, आतून, दोन हात. बाहेरून खणून भिंत उघडी करणं परवडणारं नव्हतं, आणि पाणी मागून ढकलत असेल तिथे साधा वॉटरप्रूफ पेंट टिकत नाही हे मी दोनदा पैसे घालवून शिकले, आधी फुगे येतात मग पोपडे नखाने निघतात. स्लरीचं तसं नाही, ती काँक्रीटच्या छिद्रांत शिरते आणि ओलाव्यात आत स्फटिक वाढतात. फक्त जुना रंग, लोणा, सगळं खरवडून कोरं काँक्रीट दिसायला हवं, लावायच्या आधी भिंत भिजवलेली हवी (पण पाणी ओघळतंय अशी नको) आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी मारत राहायचं. कारागीर म्हणाला एवढं लागत नाही. मी मारलं, सकाळ-दुपार-संध्याकाळ.

तरी दोन महिन्यांनी कोपऱ्यात ओल. तेव्हा मी हा माल बेकार आहे असं भेटेल त्याला सांगितलं, ते आता मागे घेते. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून दोन दिवस ठेवला. थेंब खोलीच्या बाजूला धरले तर हवेतला दमटपणा, प्लास्टिकच्या मागे धरले तर पाझर. भिंतीवर मागे कोरडं ठणठणीत! पाणी येत होतं ते भिंत आणि तळ मिळतो त्या सांध्यातून, कारण हे दोन्ही वेगवेगळ्या दिवशी ओततात आणि मधे जोड राहतो, त्यावर स्लरी नुसती फासली होती. मग छिन्नीने खाच पाडून हायड्रॉलिक सिमेंट भरलं. हातमोजे घालून गोळा मळायचा, गरम लागायला लागला की खाचेत दाबायचा आणि तसाच धरून ठेवायचा, तीन-चार मिनिटांत दगड. हातातला गोळा घट्ट होतो आणि पाण्याची धार थांबते ते बघून मला खरंच भरून आलं होतं.

आणि बाहेर पन्हाळीचा पाइप सगळं पाणी भिंतीच्या पायाशीच सोडत होता!! तो लांब नेला आणि मातीला भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार दिला. हे सगळ्यात स्वस्त काम आणि हे कोणी आधी सांगितलं नाही.

आता फ्लोट, म्हणजे खड्ड्यात पाणी चढलं की तरंगत वर येऊन पंप चालू करणारा स्विच. पंप उत्तम आहे, आवाज कमी, पाणी भराभर फेकतो. पण फ्लोट आहे वायरला लोंबणारा, आणि त्याला वर येऊन कलायला आजूबाजूला जागा लागते. माझा खड्डा अरुंद. परवा बॅटरी मारून बघितलं तर फ्लोट खड्ड्याची भिंत आणि पंपाचा पाइप यांच्यामध्ये तिरका अडकलेला, वरून पाणी चाललंय आणि पंप शांत. काठीने ढोसला तसा लगेच सुरू. तिसऱ्यांदा झालं हे. सर्व्हिसवाला दोनदा आला, दोन्ही वेळा म्हणाला कचरा असेल. कसला कचरा, खड्डा मी स्वतः पुसून काढते. वर फ्लोट वॉरंटीत बसत नाही म्हणे, फक्त मोटर बसते. अहो पण फ्लोट अडकला तर मोटर काय शोभेला ठेवायची? विकताना खड्ड्याची रुंदी एकदा तरी विचारायला हवी होती.

ज्यांचा खड्डा लहान आहे त्यांनी उभ्या दांडीवर वरखाली सरकणारा फ्लोटच घ्या, आणि घेतल्यावर रोज नाही तरी महिन्यातून एकदा बादली ओतून तो लागतोय आणि बंद होतोय हे डोळ्यांनी बघा. पाइपला नॉन रिटर्न व्हॉल्व्हही हवा, नाहीतर पंप बंद झाला की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात उतरतं.

मी काल दांडीवाला बसवला. रात्रीच्या पावसात चार वेळा लागला, मी खाली स्टूल टाकून बसले होते, चारही वेळा नीट बंद झाला. जुन्या फ्लोटचं व्हिजिटचं बिल आलंय, ते रिपोर्टवर 'कचरा' खोडून खरं कारण लिहून देईपर्यंत भरणार नाही.