शेवटचा सूर गिळणारे हेडफोन: काही महिन्यांच्या वापरानंतर

हे ब्लूटूथवर चालणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. हा अनुभव एकाच कामापुरता आहे: संथ, विरळ सोलो पियानो ऐकणं. सिनेमा आणि पॉडकास्टला हे हेडफोन उत्तम आहेत, तो विषय तिथेच संपला.

तक्रार म्यूटची. सूर विझत जाऊन सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की आतला अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला म्यूट करतो, त्याची स्वतःची सरसर ऐकू येऊ नये म्हणून. गाण्यांत हे कळणारच नाही, तिथे इतकी शांतता नसतेच. पण हॅरल्ड बड आणि ब्रायन ईनो यांच्या १९८० च्या 'द प्लॅटो ऑफ मिरर' या संथ पियानोच्या अल्बममध्ये सुरामागची घुमणारी आस हेच निम्मं संगीत आहे. तीच मधे तुटते, आणि पुढचा सूर बारीक 'टिक' करून उघडतो. जपानी संगीतकार र्‍यूइची साकामोतोंच्या '१२' (२०२३) या अल्बममध्ये सुरांच्या फटीत त्यांचा श्वास ऐकू येतो, तोही अर्धवट पोचतो. वीस हजारांवर पैसे घेऊन हे!

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: 'नॉर्मल आहे, सगळ्या पीसना असंच असतं.' तपासणी फुल व्हॉल्यूमवर फिल्मी गाणं लावून झाली. त्यात दोष कसा सापडणार?

चिडचिड बाजूला ठेवली तर बराचसा इलाज सेटिंगमध्ये आहे. प्लेअरच्या अ‍ॅपमधला आवाज १०० टक्के ठेवा आणि कमी-जास्त हेडफोनवरच करा. अ‍ॅपमध्ये आवाज उतरवला की सिग्नलच बारीक होऊन जातो आणि म्यूट लवकर पडतो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' चालू असेल तर बंद करा; ते चालू असलं की फोनवर आवाज उतरवताना सिग्नलच बारीक होतो, म्हणजे कारण तेच. क्रॉसफेड (एक ट्रॅक विझताना पुढचा त्यावर चढवणं) शून्यावर. नॉर्मलायझेशन (सगळ्या ट्रॅकचा आवाज एका पातळीवर आणणं) बंद, नाहीतर निदान ट्रॅकऐवजी अल्बमनुसार.

एवढं केल्यावर मत थोडं मवाळ झालं. तुटणं कमी झालं, गेलं नाही. ३.५ मिमीची केबल लावून हेडफोन पूर्ण बंद ठेवले तर म्यूट उरतच नाही, मात्र आवाज मंद आणि खालचे सूर फुगलेले. केबल लावून पॉवर चालू ठेवली तर सिग्नल पुन्हा आतल्या चिपमधूनच जातो, म्हणजे जैसे थे.

नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा आवाज दाबणारी सोय) एसीच्या सलग घरघरीवर छान चालतं. कुकरच्या शिट्टीवर जवळजवळ नाही. पंख्याखाली बसलात तर वारा माइकवर आपटून फडफड होते, तेव्हा ते बंदच बरं.

स्पेशियल ऑडिओत (आवाज चहूबाजूंनी येतोय असा भास देणारं फीचर) स्टिरिओ रेकॉर्डिंगवर खोटी खोली चढते. जर्मन पियानोवादक नील्स फ्रामच्या 'फेल्ट' या अल्बममध्ये (२०११) हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याचा जाड थर आहे, माइक अगदी जवळ. यंत्राची खुडबूड कानाशी ऐकू यावी हाच त्यात हेतू आहे, आणि हे फीचर पियानोला हॉलच्या पलीकडे नेऊन ठेवतं. हेड ट्रॅकिंग (डोक्याच्या हालचालीनुसार आवाजाची दिशा बदलणं) तर उशीवर मान वळवली की पियानोच फिरवतं. दोन्ही बंद. मुद्दाम अ‍ॅटमॉसमध्ये (डॉल्बीचा चहूबाजूंच्या आवाजाचा फॉरमॅट) मिक्स केलेलं काही असेल तेवढ्यापुरतं स्पेशियल चालू करा, ट्रॅकिंग तरीही नको.

याच कामाला अडीच हजारांचे तारेचे इअरफोन शेवटचा सूर शेवटपर्यंत ऐकवतात, मग पैसे कशाचे दिले? घ्यायचेच असतील तर दुकानात बासचं गाणं ऐकू नका. लांब विझणारा एकच पियानोचा सूर फोनवर घेऊन जा, आवाज निम्म्यावर ठेवा, आणि विक्रेत्याला दोन मिनिटं गप्प बसायला सांगा.