साइड मिररची नुसती काच बदलली, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

एप्रिलमध्ये सावद्याजवळ केळी भरलेला ट्रॅक्टर डाव्या आरशाला घासून गेला. कव्हर शाबूत, आरसा फिरवणारी आतली मोटर चालू, फक्त काच तडकली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "काच सुटी येत नाही, कव्हर-मोटरसकट पूर्ण असेंब्ली टाका, ३८०० रुपये." नऊ वर्षांच्या गाडीच्या एका काचेला एवढे पैसे मी तेव्हा दिले नाहीत, आजही देणार नाही.

आधी जळगावात दीडशे रुपयांत तडकलेल्या काचेवरच डबल टेपने दुसरी काच चिकटवून घेतली. मेच्या उन्हात टेप मऊ पडली आणि काच खाली सरकली. पण माझा खरा राग त्यावर नाही. काच सपाट होती! डावा आरसा बहिर्गोल असतो, म्हणून तर बाजूचा रस्ता त्यात जास्त मावतो. भुसावळ हायवेला एक मोटरसायकलवाला त्या सपाट काचेत दिसलाच नाही, त्याच्या हॉर्नने वाचलो. काच घेताना दुकानातच स्टीलची पट्टी तिच्यावर आडवी ठेवा, पट्टी तिच्या स्वतःच्या कडेवर उभी धरून. पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकांना फट दिसली, तरच पैसे द्या.

मेअखेर मागच्या प्लास्टिकच्या प्लेटसकट बहिर्गोल काच आणली, ४२० रुपये. प्लेटच्या मागच्या क्लिपा जुन्याशी जुळवून पाहिल्या. गाडी दुपारभर उन्हात ठेवली, म्हणजे प्लास्टिक नरम होतं. तडकलेल्या काचेवर मास्किंग टेप, हातात मोजे. गाडीकडची कड आत दाबली, तशी बाहेरची कड वर आली. फटीत प्लास्टिकची पट्टी सरकवली आणि कट्, कट् करत क्लिपा सुटल्या. स्क्रूड्रायव्हर घालू नका, कव्हर खरवडतं. गरम होणारा आरसा असेल तर मागे वायरी असतात, झटका देऊ नका. नवी काच मध्यावर तळहाताने दाबून बसवली. कडेला जोर दिला तर फुटते. आई ओट्यावरून विचारत होती, "कितला पैसा लागनात?" आकडा ऐकून खूश झाली.

डिसेंबरपर्यंत मी सगळ्यांना हेच करा म्हणून सांगत होतो. मग मोटर करकरायला लागली, म्हणून धूळ काढायला काच पुन्हा उतरवली. भल्या सकाळी, कडाक्याच्या थंडीत. एक क्लिप तुटली. आता ऐंशीच्या पुढे काच थरथरते, मागच्या ट्रकचे दिवे दुहेरी दिसतात. रात्री हायवेला हे चालवून घेण्यासारखं नाही.

नुसती प्लेट कुणी देत नाही. पुन्हा ४२० मोजलेत, तरी ३८०० पेक्षा कितीतरी कमीच. संक्रांतीला सुट्टी आहे, दुपारच्या उन्हात बसवतो.