गिट आणि लहान-मोठी अक्षरं : मिश्र टीमसाठी कितपत भरवशाचं?

एकाच टीममध्ये कुणाकडे विंडोज, कुणाकडे मॅकबुक आणि बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं) मात्र लिनक्सवर, हे हिंजवडी-खराडीत नेहमीचंच. अशा टीमला फाईलनावांच्या बाबतीत गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, सांभाळून घेतं का? अर्धवट. साधन चांगलं आहे, पण पहारा आपणच बसवावा लागतो.

गिट इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदवायच्या फाईलींच्या यादीत, नाव अक्षर न् अक्षर जसंच्या तसं ठेवतं. विंडोजचं एनटीएफएस आणि मॅकचं एपीएफएस (डिस्कवर फाईली ठेवायच्या पद्धती) मात्र मूळ सेटिंगला कॅपिटल-स्मॉल एकच धरतात. लिनक्सचं ईएक्सटी-४ वेगळं धरतं. त्यामुळे 'लोगो' नावाची फाईल कॅपिटल 'एल'नेही कमिट झाली (गिटमध्ये नोंदवली गेली) आणि स्मॉलनेही, तर मॅकच्या डिस्कवर एकच उतरते. मजकूर वेगळा असेल तर दुसरी कायम 'मॉडिफाइड' दिसते. ती चेकआउट केली (गिटमधून डिस्कवर उतरवली) की पहिली बदललेली दिसते. आवृत्ती २.२० पासून क्लोन करताना (पहिल्यांदा सगळी प्रत उतरवताना) गिट अशा नावांची यादी दाखवतं, हे उत्तम. पण पुल करताना (इतरांचे नवे बदल आणताना) काहीच सांगत नाही, आणि घोळ बहुधा तेव्हाच होतो.

निस्तरताना फाईल काढून टाकणारं 'गिट आरएम' नुसतं चालवू नका. डिस्कवरची एकुलती फाईल उडते आणि ठेवायची होती तीच 'डिलीटेड' दिसते. आधी 'गिट शो'ने दोन्हींचा मजकूर वेगळ्या नावांनी काढून ताडून पाहा. नको त्या नावावर 'आरएम'ला 'कॅश्ड' पर्याय (डिस्कला हात न लावता फक्त इंडेक्समधून काढणारा) लावून कमिट करा. मग डिस्कवरची प्रत पुसून राहिलेली फाईल चेकआउट करा. नाव आणि मजकूर दोन्ही बरोबर येतात.

एका फाईलच्या नावातलं अक्षर लहान-मोठं करायला नाव बदलणारं 'गिट एमव्ही' सरळ चालतं. फोल्डरला मात्र मॅकवर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं; आधी तात्पुरतं नाव, मग हवं ते, आणि कमिट एकच.

'इग्नोरकेस' (कॅपिटल-स्मॉलचा फरक सोडून देणारी गिटची सेटिंग) फॉल्स, म्हणजे बंद, करा, हा सल्ला सर्रास मिळतो. तो कृपया मानू नका. ही सेटिंग गिट डिस्क पाहून स्वतः ठरवतं. मॅकवर ती बदलून फाईलचं अक्षर बदललं, की तीच फाईल नवी म्हणून दिसते आणि 'ॲड' केल्यावर इंडेक्समध्ये दोन नोंदी होतात. म्हणजे टाळायचं तेच घडतं.

खरा पहारा सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत. 'गिट एलएस-ट्री'ला आर, टी आणि नेम-ओन्ली हे पर्याय देऊन हेडची (ताज्या कमिटची) यादी काढा, 'सॉर्ट'च्या एफ पर्यायातून 'युनिक'च्या डी-आयला (कॅपिटल-स्मॉल न पाहता दुबार नावं छापणाऱ्या पर्यायांना) द्या. एकही ओळ छापली गेली तर बिल्ड पाडा. टी गाळू नका; त्यानेच फोल्डरांची नावंही यादीत येतात. फोल्डर दोन रूपांत आणि आतल्या फाईली वेगळ्या असतील, तर नुसत्या फाईलयादीत ते सापडत नाही.

मराठी नावांना कॅपिटल-स्मॉल नाही, तरी 'चऱ्होली'तला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकसंध, किंवा र आणि खाली नुक्ता. एपीएफएस दोन्ही एकच मानतं. लिनक्स आणि विंडोज दोन फाईली करतात. मॅकवर 'प्रीकंपोझयुनिकोड' ही नावं एकसंध रूपात आणणारी गिटची सेटिंग चालू ठेवा. बाकी ठिकाणी नावं एनएफसी रूपात (युनिकोडच्या एकसंध रूपात) आहेत का, हे सीआयमध्येच तपासावं लागतं.