नक्षीचा पितळी हुक्का, सोळा महिन्यांनंतर

गेल्या जुलैतल्या एका रविवारी साडू भेटीला आले असताना आमच्या नक्षीदार पितळी हुक्क्याने भर बैठकीत दगा दिला. निखारे व्यवस्थित फुललेले होते, पाणी मोजून भरलेले होते, परंतु झुरका घेतला की गुडगुड होण्याऐवजी पंक्चर झालेल्या ट्यूबमधून हवा निसटावी तसा फुसफुस आवाज येई आणि धुराचा मागमूस नसे. साडूंनी दोनदा प्रयत्न केला, नळी अदबीने माझ्या हाती परत दिली आणि "दिसायला मात्र झकास आहे हो" एवढेच म्हणाले. तो 'मात्र' मला झोंबला. हा अनुभव लिहायला बसण्याचे खरे कारण तोच आहे.

हुक्क्याची रचना वाचकांना ठाऊक असेल असे गृहीत धरतो. चिलीम म्हणजे तंबाखू-निखाऱ्यांची वाटी, उभी दांडी, पाण्याचा तळ आणि नळी हे चार भाग साध्यात साध्या हुक्क्यालाही असतात आणि नबाबी हुक्क्यालाही असतात. फरक पडतो तो त्यांच्यावर किती हात फिरला आहे यामुळे. माझ्याकडे सध्या तीन हुक्के आहेत. मुलाने तीन वर्षांपूर्वी आणलेला स्टीलच्या सरळ दांडीचा आणि काचेच्या तळाचा, चोरबाजारातून हौसेने उचललेला नारळाच्या करवंटीचा, आणि गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबईतल्या मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानातून घासाघीस करून ६,२०० रुपयांना घेतलेला हा पितळी, ज्याच्या तळावर मोर, वेलबुट्टी आणि लाखेचे लाल-हिरवे रंग भरलेले आहेत. काम मुरादाबादी धाटणीचे आहे. वापर आठवड्यातून एकदा, रविवारी सायंकाळी, खिडकी उघडी ठेवून. पाण्यातून आलेला धूर निर्धोक असतो हा समज सपशेल चुकीचा आहे आणि कार्बन मोनॉक्साइडला पाणी अडवत नाही, हे मुलगी मला दर रविवारी ऐकवते. ती बरोबर आहे.

पहिले काही महिने मी या पितळी हुक्क्याच्या प्रेमात होतो हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तळ चार किलोंच्या आसपास भरतो, त्यामुळे नळीला कितीही हिसका बसला तरी तो जागचा हलत नाही. काचेचा हुक्का एकदा नातवाच्या पायाने कलंडला, निखारा सतरंजीवर पडला आणि रुपयाएवढे भोक पडले. पितळीच्या बाबतीत ती धास्ती नाही. त्याचा आवाजही वेगळा आहे. काचेत बुडबुडे नुसते खळखळतात, तर पितळेच्या पोटात तोच आवाज घुमतो आणि 'गुडगुडी' या आपल्या जुन्या शब्दाचा अर्थ कानाला पटतो.

पावसाळा लागला आणि पितळेने मुंबईच्या हवेशी आपले वैर जाहीर केले. दर पंधरा दिवसांनी मोराच्या मानेवर काळपट झाक आणि तळाच्या कडेला हिरवट पूड दिसू लागली. चिंचेच्या कोळाने आणि पितांबरीने सपाट भाग पाच मिनिटांत लखलखतो, पण कोरीव रेघांत शिरलेली पावडर सुकली की पांढरी पडते आणि मोराचा पिसारा जेवताना दाढीत भात अडकलेल्या माणसासारखा दिसू लागतो. ती काढायला जुना टूथब्रश, मग टाचणीला गुंडाळलेला कापूस, मग कोरडे फडके, असा पाऊण तास जातो. चिंचेचा हात लाखेच्या रंगावर जरा जास्त रेंगाळला तर रंगाचा टवका निघतो. माझ्या मोराचा डावा डोळा असाच गेला. हे सगळे मी सहन केले, कारण शोभेची किंमत मोजावी लागते असे मी स्वतःला समजावत होतो.

परंतु जुलैतला बिघाड शोभेचा नव्हता. दांडी जिथे तळाच्या तोंडात बसते तिथे एक रबरी रिंग असते, आणि संपूर्ण हुक्क्याचे भवितव्य तिच्यावर अवलंबून असते. दांडीचे खालचे टोक पाण्यात बुडलेले असते आणि नळीचे भोक पाण्याच्या वर असते. आपण ओढतो तेव्हा तळातील हवेचा दाब घटतो आणि चिलमीतला धूर पाण्यातून बुडबुडत वर येतो. सांध्यातून बाहेरची हवा आत शिरली की दाब घटतच नाही, मग चिलमीत काहीही घातले तरी उपयोग नाही. याची परीक्षा सोपी आहे. चिलीम काढून दांडीच्या वरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबावा आणि नळीतून ओढावे. हवा आली तर गळती आहे. माझ्याकडे वारा यावा तशी हवा आली. चौदा महिन्यांत मूळची रिंग कडक होऊन तिला भेग गेली होती.

मी दुकानात गेलो. दुकानदाराने हुक्क्याकडे एकवार पाहिले आणि ही शोभेची वस्तू आहे, ती ओढायला तुम्हाला कोणी सांगितले, असा उलट प्रश्न केला. शोभेच्या वस्तूच्या दांडीला आतून आरपार भोक कशासाठी पाडले आहे, या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले नाही. त्याऐवजी सांधा एम-सीलने कायमचा भरून टाका असा सल्ला दिला. सांधा कायमचा भरल्यावर पाणी कुठून भरायचे आणि आतला मळ कुठून काढायचा, हे विचारण्यात अर्थ नव्हता. एक रिंग मागितली तर आमच्याकडे सुटे भाग नसतात म्हणाला. ६,२०० रुपयांच्या वस्तूला बारा रुपयांची रिंग मिळत नाही, ही गोष्ट माझ्या अजून घशाखाली उतरलेली नाही.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारे मापात बनवणाऱ्या विभागात गेली आहे, त्यामुळे मी घरी येऊन व्हर्नियर कॅलिपर काढला. तळाच्या तोंडाचा आतला व्यास एका दिशेने ३८.२ मिलिमीटर भरला आणि काटकोनात ४०.१. तोंड गोल नव्हतेच, लंबगोल होते! हाताने ठोकलेल्या भांड्याचे तोंड असेच असणार, हे कळायला मला चौदा महिने आणि एक अपमान लागला. मी नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जाऊन ३८ आणि ४० मिलिमीटरच्या दोन रिंगा प्रत्येकी बारा रुपयांना आणल्या. पहिली एका बाजूने सैल बसली आणि दुसरी दुसऱ्या बाजूने सुरकुतली. त्या फेऱ्यात रेल्वेचे भाडे, चहा आणि एक पाव-वडा धरून रिंगांच्या दुप्पट खर्च झाला, हे हिशेबाच्या वहीत आहे.

याउलट स्टीलचा हुक्का. त्याची दांडी यंत्रावर कातलेली, तोंड मापाचे, रिंग कुठेही मिळणारी, नळी सिलिकॉनची असल्यामुळे धुता येणारी. पितळी हुक्क्याबरोबर आलेली मखमली नळी धुण्यासारखी नाही, कारण आत तारेचे वेटोळे आहे आणि पाणी लागले की ते गंजते. ऑगस्टमध्ये मी निर्णय घेतला की साधा हुक्का हाच खरा आणि नक्षी म्हणजे कमी प्रतीच्या कारागिरीवर टाकलेली झालर.

हे मत महिनाभरही टिकले नाही, आणि ते बदलायला आमच्या इमारतीचा रखवालदार कारणीभूत झाला. तो हरियाणाचा. मी जिन्यात दांडी आणि रिंगा घेऊन खटपट करताना त्याने पाहिले आणि हसून विचारले की रबर कशाला हवे. त्याच्या गावी सांध्याला ओले फडके गुंडाळतात. त्याने माझ्या जुन्या धोतराची चार बोटे रुंद पट्टी फाडली, पाण्यात भिजवून पिळली, दांडीच्या टोकाला घट्ट तीन वेढे दिले आणि ती तळात फिरवत दाबली. मी तळहात ठेवून ओढले. हवा आली नाही, एक थेंबभरही नाही. ओले सुती कापड फुगते आणि जिथे जागा जास्त तिथे जास्त भरते. गोल असो वा लंबगोल, त्याला काही फरक पडत नाही. म्हणजे माझ्या भांड्याचे तोंड चुकीचे नव्हते; रबराची रिंग ही उपरी होती आणि मी टूलरूमचा न्याय एका वेगळ्याच घराण्याच्या वस्तूला लावत होतो.

तेव्हापासून मी जुन्या हुक्क्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बिदरी कामाचे हुक्क्याचे तळ आहेत, त्यांची छायाचित्रे मी भिंग लावून पाहिली. बिदरी म्हणजे जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यात चांदीची तार ठोकून बसवायची आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांचा लेप देऊन जस्त काळे करायचे. चांदी तेवढी पांढरी राहते. काळा रंग हाच तिथे शोभेचा पाया असल्यामुळे माझ्यासारखे पितळ उजळत बसण्याचा प्रश्नच नाही. सतराव्या शतकातले तळ चेंडूसारखे गोल होते आणि ते टेकवायला खाली चुंबळीसारखे कडे लागे; पुढे अठराव्या शतकात घंटेच्या आकाराचे, रुंद बुडाचे तळ आले, जे आपल्या पायावर उभे राहतात. माझा पितळी तळ याच घंटेच्या वंशातला आहे. सतरंजीला भोक पाडणारा काचेचा हुक्का पाहता तो बदल कोणाच्या तरी गालिच्याच्या अनुभवातून झाला असावा असे मला वाटते.

दुसऱ्या टोकाला करवंटीचा हुक्का. पश्चिम आशियात हुक्क्याला 'नार्गिले' म्हणतात ते फारसीतल्या 'नारगील' म्हणजे नारळ या शब्दावरून, आणि तो शब्द आपल्या 'नारिकेल'चाच भाऊबंद आहे. नक्षी नाही, उजळणे नाही, ३५० रुपये किंमत. तो हातात धरून ओढायचा असतो, पाणी जेमतेम मावते आणि धूर गरम लागतो. आवाज मात्र तिघांत याचाच गोड.

मग नक्षीचा दोष नेमका कुठे? कारागिराकडे तर नाहीच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा दरबारी असद बेग याने विजापूरहून तंबाखू अकबराच्या दरबारात नेली, तेव्हाच त्याने सोबत रत्ने जडवलेली, मिनाकाम केलेली नळी नेली होती आणि तिला येमेनी अकीकाचा तोंडाकडचा तुकडा बसवला होता, तोही लंबगोल. म्हणजे मोगल दरबारात तंबाखू आली तीच दागिने घालून. आणि दागिने घालून आलेल्या वस्तूला सांभाळणारा माणूस लागतो. त्या माणसाला हुक्काबरदार म्हणत. १७७९ साली कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज दांपत्याने पाठवलेल्या एका निमंत्रणात पाहुण्यांनी आपल्या हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये अशी विनंती होती. खानसामा नको, हुजऱ्या नको, पण हुक्काबरदार हवाच. फडके ओले ठेवणे, निखारे बदलणे, नक्षीतली पूड टाचणीने काढणे हे सगळे त्याचे काम. मी ६,२०० रुपयांत हुक्का विकत घेतला, पण त्याबरोबर येणारा माणूस घेतला नाही. ती जागा सध्या मीच भरतो आहे, बिनपगारी.

सध्याची व्यवस्था अशी आहे. दर रविवारी स्टीलचा. पाहुणे असले तर पितळी, त्याच्या आदल्या रात्री चिंच आणि टाचणी, आणि ऐन वेळी ओली पट्टी. पट्टीचाही एक त्रास आहे : ती तासाभरात सुकू लागते आणि सांध्याखाली पितळेवर हिरवे कडे उमटते, म्हणून बैठक संपताच दांडी काढून तोंड कोरडे पुसावे लागते. परवा साडू पुन्हा आले होते. पितळीच मांडला. त्यांनी एक झुरका घेतला, गुडगुड घुमली, धूर भरपूर आला, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला की मोराच्या डोळ्याला काय झाले.

नागदेवीच्या दोन्ही रिंगा न वापरलेल्या अवस्थेत स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगलेल्या आहेत. कोणाच्या हुक्क्याचे तोंड खरोखर गोल असेल आणि व्यास ३८ किंवा ४० मिलिमीटर भरत असेल, तर त्याने मापून यावे आणि चोवीस रुपये देऊन दोन्ही घेऊन जाव्यात. सुट्या देणार नाही.